एम.डी.चा विद्यार्थी जिल्हा रुग्णालयात

गेल्या काही वर्षांत जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत एक नवा चेहरा दिसू लागला आहे. गळ्यात स्टेथॉस्कोप, हातात जाडजूड नोंदवही आणि तपासताना चार प्रश्न अधिक विचारण्याची सवय असलेला हा तरुण अथवा तरुणी तीन महिने तेथे काम करते आणि निघून जाते. तिची जागा दुसरे कोणी घेते. रांगेत बसलेले लोक साहजिकच एकमेकांना विचारतात, "हे शिकाऊ डॉक्टर की पुरे शिकलेले?" या प्रश्नाचे खरे उत्तर 'दोन्ही' असे आहे, आणि ते उत्तर समजून घेण्यासाठी वैद्यकीय शिक्षणाच्या पायऱ्या थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे.

आपल्याकडे 'डॉक्टर' हा एकच शब्द सर्वांसाठी वापरला जातो. गोव्यातील जुन्या पिढीच्या तोंडी तो 'दोतोर' असा आहे. वस्तुतः एम.बी.बी.एस. ही वैद्यकशास्त्राची पहिली पदवी असून तिला साडेचार वर्षांचे अध्ययन आणि एक वर्षाची आंतरवासिता लागते. ही पदवी घेऊन नोंदणी झालेली व्यक्ती कायद्याने स्वतंत्रपणे रुग्ण तपासू शकते. त्यानंतर प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांचा एम.डी. अथवा एम.एस. हा अभ्यासक्रम येतो. एम.डी. या अक्षरांचा अर्थच 'वैद्यकशास्त्राचा आचार्य' असा आहे. त्याच्याही पुढे हृदयरोग, मेंदूरोग यांसारख्या एकेका शाखेसाठी डी.एम. किंवा एम.सीएच. हे आणखी तीन वर्षांचे शिक्षण असते. जिल्हा रुग्णालयात तीन महिन्यांसाठी येणारा तरुण हा मधल्या पायरीवरचा, म्हणजे एम.डी. किंवा एम.एस.चा विद्यार्थी होय. तो डॉक्टर आहेच. त्याला आता विशेषज्ञ व्हावयाचे आहे.

मोठ्या रुग्णालयात काय दिसत नाही

एम.डी.चे शिक्षण आजवर जवळजवळ संपूर्णपणे वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या मोठ्या रुग्णालयात होत आले. त्यात गैर काही नव्हते. तेथे अनुभवी प्राध्यापक असतात, प्रयोगशाळा असतात, दुर्मिळ आजार पाहावयास मिळतात आणि रात्रंदिवस काम करून हात तयार होतो. तथापि अशा रुग्णालयात पोहोचणारा रुग्ण हा अनेक गाळण्यांमधून आलेला असतो. प्रथम तो घरगुती उपाय करतो, मग गावातील डॉक्टरकडे जातो, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथून तालुक्याला, आणि प्रकृती हाताबाहेर जाऊ लागली की रुग्णवाहिकेतून शहरात. आजाराची सुरुवात कशी झाली, पहिल्या सहा तासांत काय घडले, कोणत्या टप्प्यावर चार रुपयांच्या गोळीने काम भागले असते, हे त्या प्राध्यापकालाही दिसत नाही आणि विद्यार्थ्यालाही नाही. जे रुग्ण वाटेतच दगावले ते तर नोंदीत येतच नाहीत.

याचा परिणाम संशोधनावरही होतो. एम.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रबंध लिहावा लागतो. अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी तो सादर करावयाचा असतो आणि तो मान्य झाल्याखेरीज पदवी मिळत नाही. उद्देश असा की, पुढे आयुष्यभर रुग्ण तपासताना 'असे का झाले?' हा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने विचारण्याची सवय लागावी. प्रत्यक्षात मात्र विषय पुष्कळदा सोयीने ठरतो. वॉर्डात ज्या आजाराचे रुग्ण सहज मिळतील, ज्या तपासण्या आधीपासूनच होत असतात, आणि जो मागील तुकडीतील कोणीतरी थोड्या फरकाने हाताळलेला आहे, असा विषय निवडला जातो. आकडे जमतात, तक्ते होतात, जाड पुठ्ठ्यात बांधलेला ग्रंथ ग्रंथालयाच्या फळीवर जातो. सर्वच प्रबंध असे असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु वैद्यकीय शिक्षणाशी संबंध असलेल्या कोणालाही हे चित्र अपरिचित नाही.

बिरवाडीचा धडा

चांगला वैद्यकीय प्रश्न कोठे सापडतो याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे एम.बी.बी.एस. झालेले तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या भागात लाल विंचवाचा दंश ही नित्याची गोष्ट होती. शेतात, गवताच्या भाऱ्यात, घराच्या दगडी जोत्यात विंचू असे. दंश झालेली माणसे, विशेषतः मुले, काही तासांतच दगावत. पाठ्यपुस्तकांत विंचूदंशाविषयी फारसे काही नव्हते. वेदना कमी करावी, एवढाच सर्वसाधारण भर असे.

डॉ. बावस्कर यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला. दंश झाल्यावर प्रथम दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. मग रक्तदाब व नाडी बदलते. आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडतो. म्हणजे हा मृत्यू वेदनेचा नसून हृदयाच्या थकव्याचा होता. विषामुळे शरीरात काही द्रव्यांचा एकाएकी पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला त्या विरोधाशी झगडावे लागते, हे यावरून उलगडत गेले. त्यानंतर त्यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. केले आणि ते पुन्हा कोकणात, पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात आले. १९८२ साली त्यांची विंचूदंशाच्या पूर्वलक्षणांविषयीची निरीक्षणे लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध या रुग्णांना देऊन पाहिले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणे हे त्या औषधाचे कार्य. पूर्वी गंभीर अवस्थेतील शंभर रुग्णांपैकी पंचवीस-तीस किंवा त्याहूनही अधिक दगावत. हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. औषध महागडे नव्हते, ते तोंडाने देता येत होते, आणि कोणत्याही लहान केंद्रात ठेवता येत होते. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा आणखी एक अभ्यास आला. प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असे त्यात दिसून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

या हकिगतीत घटनांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रश्न आधी बिरवाडीत सापडला. शास्त्राचे उच्च शिक्षण नंतर पुण्यात झाले. आणि उत्तर पुन्हा पोलादपुरात मिळाले. महाविद्यालयाने त्यांना साधन दिले, परंतु प्रश्न तेथे नव्हता. हा क्रम एका व्यक्तीच्या जिद्दीने घडला. तो अभ्यासक्रमातूनच घडावा, ही अपेक्षा मात्र फार जुनी आहे.

जुनी अपेक्षा, नवी तरतूद

१९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात प्रत्येक डॉक्टरला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण मिळावे, अशी शिफारस होती. १९७५ साली श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षण हे रुग्णालयाच्या भिंतींबाहेर नेण्याचा आग्रह धरला आणि १९७७ मध्ये त्यातून वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेची योजना निघाली. प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकास गटांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी, प्राध्यापक आणि विद्यार्थी यांनी फिरत्या रुग्णालयांसह तेथे जावे, अशी ती कल्पना होती. पुष्कळ ठिकाणी ती काही वर्षांतच मंदावली. कारण सरळ होते. गावात घालविलेल्या दिवसांचा परीक्षेशी संबंध नव्हता, आणि ज्याचा परीक्षेशी संबंध नसतो ते विद्यार्थ्याच्या दिनक्रमातून प्रथम गळते. शिक्षकमंडळींना हे वेगळे सांगावयास नको.

सप्टेंबर २०२० मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या विनियमांत जी दुरुस्ती अधिसूचित झाली, तिने नेमकी हीच उणीव भरून काढली. त्याच महिन्यात भारतीय वैद्यक परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली आणि २०२३ च्या नव्या विनियमांतही ही तरतूद कायम राहिली. तिचे नाव 'जिल्हा निवासी कार्यक्रम'. २०२१ च्या तुकडीपासून एम.डी. व एम.एस.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेत काम करणे आवश्यक आहे. हा काळ समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याशिवाय त्याला अंतिम परीक्षेस बसता येत नाही. ज्या रुग्णालयात तो जातो ते शासकीय अथवा शासकीय निधीवर चालणारे आणि किमान पन्नास खाटांचे असावे लागते.

औषधवैद्यक, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग अशा विषयांचे विद्यार्थी तेथे बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्ण विभाग, अपघात विभाग आणि रात्रपाळी सांभाळतात. सूक्ष्मजीवशास्त्र, विकृतिशास्त्र, न्यायवैद्यक यांसारख्या शाखांचे विद्यार्थी प्रयोगशाळा, औषधभांडार, राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम आणि प्रशासन यांत सहभागी होतात. विद्यावेतन त्यांना मूळ महाविद्यालयाकडूनच मिळत राहते. दूरध्वनी व इतर साधनांद्वारे आपल्या विभागातील प्राध्यापकांशी त्यांनी संपर्क ठेवावा आणि तेथील चर्चासत्रांत दुरून भाग घ्यावा, असेही नियमात म्हटले आहे. याखेरीज संशोधनपद्धतीचा एक अभ्यासक्रम पहिल्या वर्षातच पुरा करण्याचे बंधन घालण्यात आले आहे. पूर्वी पुष्कळ विद्यार्थी आकडेशास्त्राशी पहिली ओळख प्रबंध बांधावयास देण्याच्या आठवड्यात करून घेत, त्यांना या नियमाने आळा बसेल.

गोव्यासारख्या लहान राज्यात या व्यवस्थेला एक विशेष सोय आहे. येथील वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ सालच्या वैद्यकीय शाळेपासूनची. तिच्या पदवीधरांना पूर्ण पदवीसाठी पोर्तुगालला जावे लागे आणि त्यांतील अनेकांनी आफ्रिकेतील वसाहतींत नोकऱ्या केल्या. म्हणजे शिक्षण येथले आणि रुग्ण परमुलखातले, अशी स्थिती होती. आज बांबोळीचे महाविद्यालय आणि म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालये यांच्यामध्ये तासाभराचेही अंतर नाही. विद्यार्थी जिल्ह्यात असताना त्याचा मार्गदर्शक प्राध्यापक सकाळी निघून त्याच्या रुग्णाजवळ पोहोचू शकतो. मोठ्या राज्यांतील विद्यार्थ्याला हे भाग्य क्वचितच लाभते.

एक राहून गेलेला दुवा

कार्यक्रम चांगला असला तरी त्यात एक गाठ सुटावयाची राहिली आहे, आणि ती प्रबंधाची आहे. एम.डी.ला प्रवेश मिळाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच प्रबंधाचा विषय ठरवून त्याचा आराखडा महाविद्यालयाच्या नीतिविषयक समितीपुढे ठेवावा लागतो. जिल्ह्यातील तीन महिने मात्र दुसऱ्या वर्षी किंवा त्यानंतर येतात. म्हणजे विद्यार्थ्याला गावाकडचा प्रश्न दिसेपर्यंत त्याचा विषय पक्का होऊन वर्ष उलटलेले असते. बिरवाडीत जो क्रम घडला त्याच्या हा क्रम बरोबर उलट आहे. आधी उत्तराची वही बांधावयाची आणि मग प्रश्न पाहावयाचा, असा हा प्रकार होतो.

यावर तोडगा कठीण नाही. तीन महिन्यांचा मुख्य काळ आहे तेथेच राहू द्यावा. परंतु पहिल्या सत्रात, विषय ठरण्यापूर्वी, विद्यार्थ्याला आठ-दहा दिवस तालुक्याच्या रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने आपल्याला वर्षभर सतावणारे दोन-तीन प्रश्न त्याच्यापुढे ठेवावेत. सगळेच प्रश्न प्रबंधाच्या मापाचे नसतील. पण दहांपैकी दोन निघाले तरी ग्रंथालयाच्या फळीवरील ओझे तेवढे कमी होईल. याला नव्या विनियमाची आवश्यकता नाही. महाविद्यालय आणि आरोग्य संचालनालय यांनी परस्पर ठरविल्यास हे होण्यासारखे आहे.

असे प्रश्न आपल्या भागात आहेत काय? एकच उदाहरण पुरेसे आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्या तापाचा विषाणू शोधून काढला. गोचिडांमार्फत पसरणारा हा आजार अनेक दशके मुख्यतः त्याच मुलखात राहिला. पुढे तो सह्याद्रीच्या कडेने सरकत २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात व बेळगाव जिल्ह्यात आढळला. लोक त्याला 'माकडताप' म्हणतात. शंभर रुग्णांत साधारण तीन ते पाच जण दगावतात.

हा ताप हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत, म्हणजे नेमका काजूच्या हंगामात जोर करतो. मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचीड खाली पडतात, पालापाचोळ्यात पसरतात, आणि काजू वेचणाऱ्या अथवा जळण गोळा करणाऱ्या माणसाच्या पायावर चढतात. एकाएकी चढणारा ताप, डोके फुटावे अशी वेदना, अंग मोडून येणे, डोळे लाल होणे ही त्याची सुरुवात. पहिल्या काही दिवसांत रक्ताची योग्य तपासणी झाली तर निदान होते. तोवर रुग्ण बहुधा बागायतीतच असतो. अंगदुखीची गोळी घेऊन तो आणखी दोन दिवस कामावर जातो, कारण काजूचा हंगाम थांबत नाही. बांबोळीला तो आठवड्याने पोहोचतो. कोणत्या वाडीत माकडे मेली, त्याची खबर कोणी कोणाला दिली, पहिल्या तापात रुग्ण कोणाकडे गेला, अंगाला लावावयाचे गोचीडरोधक तेल त्याने का वापरले नाही, या प्रश्नांची उत्तरे मोठ्या रुग्णालयाच्या खाटेजवळ बसून मिळण्यासारखी नाहीत. औषधवैद्यक, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जनआरोग्य या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना पुरून उरेल एवढे काम एका तालुक्यात आहे.

अडचणी लहान, पण खऱ्या

तीन महिन्यांच्या या शिक्षणाचे यश पुष्कळसे साध्या गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली गोष्ट निवासाची. रात्रपाळी करून आलेल्या, विशेषतः महिला डॉक्टरला, रुग्णालयाच्या आवारात स्वच्छ आणि सुरक्षित खोली मिळत नसेल तर तिचे लक्ष शिकण्यात राहणार नाही. दुसरी गोष्ट अशी की, अपुऱ्या मनुष्यबळाच्या रुग्णालयाला हा विद्यार्थी म्हणजे फुकटचा हात वाटण्याचा मोह होतो. त्याने काम करावे हे योग्यच. परंतु त्याच्या विषयातील विशेषज्ञ त्या रुग्णालयात नसेल तर त्याला शिकविणार कोण, याचे उत्तर त्याला पाठविण्यापूर्वीच ठरलेले असावे.

तिसरी गोष्ट भाषेची. शासकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यामुळे दूरच्या राज्यातून आलेला विद्यार्थी येथील रुग्णापुढे उभा राहतो. "अंगात कसर आहे", "जीव घाबरा होतो", "छातीत कळ येऊन गेली", "पोटात गोळा उठतो" या वाक्यांतील प्रत्येक शब्दात निदानाची एक खूण असते. दुभाष्याच्या तोंडून ती 'ताप आहे', 'दुखते' एवढीच उरते. सीमाभागात तर एकाच वॉर्डात कोकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा चालतात. पुस्तकांतून हे शिकता येत नाही. परिचारिका आणि कक्षसेवक हेच येथे त्याचे खरे शिक्षक. त्यांच्याकडून पहिल्या आठवड्यात शंभर शब्द लिहून घेणारा विद्यार्थी पुढचे अकरा आठवडे कमी चुका करतो.

राहता राहिला रुग्ण. विद्यार्थ्याने तपासले म्हणून उपचारात कमतरता येत नाही, हे वर सांगितलेच आहे. परंतु एखाद्या अभ्यासासाठी आपली माहिती किंवा रक्ताचा नमुना घेतला जाणार असेल, तर तसे स्पष्ट सांगून, रुग्णाला समजेल अशा भाषेत लिहिलेल्या कागदावर त्याची संमती घेणे बंधनकारक आहे. कागद वाचता येत नसल्यास तो साक्षीदारासमक्ष वाचून दाखविला पाहिजे. 'नाही' म्हणण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार असून तसे म्हटल्याने त्याच्या उपचारात कोणताही फरक करता येत नाही. संमती दिल्यानंतरही ती मागे घेता येते. अशा कागदावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी हा अभ्यास कशासाठी आहे आणि त्याचा निष्कर्ष गावाला कसा कळेल, हे दोन प्रश्न प्रत्येकाने अवश्य विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज बहुधा कोणाजवळ तयार नसते. निष्कर्षाचे एक पानी मराठी व कोकणी टिपण ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि शाळेत लावण्याची प्रथा सुरू झाली, तर काजूच्या पुढल्या हंगामापूर्वी ते वाचावयास माणसे थांबतील.